बाटलीची हकीकत आधी, चव मागाहून

वाचकांचे प्रश्न : क्राफ्ट बिअर, घरी आणि प्रवासात

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी क्राफ्ट बिअरबद्दल, म्हणजे छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात बनणाऱ्या बिअरबद्दल, पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकच निघालं. बिअरला नावं ठेवण्याआधी किंवा डोक्यावर घेण्याआधी ती बाटली कुठे, किती उकाड्यात आणि किती दिवस उभी होती, हे कुणी पाहतच नाही. किनाऱ्यावर तर ते सगळ्यात आधी पाहायला हवं. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, हे धरूनच पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : पुण्यात प्यायलेली आयपीए (इंडिया पेल एल, कडवट आणि सुगंधी बिअर) फार आवडली होती. तीच बाटली वेंगुर्ल्यात दुकानातून आणली, तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. माल नकली असेल का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नकली असण्यापेक्षा शिळी असण्याची शक्यता कितीतरी जास्त. बिअरवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : ३ अंश सेल्सिअसला ३०० दिवसांत बिअर जितकी उतरते, तितकीच २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३२ अंशांना अवघ्या ३ दिवसांत उतरते. आता मार्च ते मे या दिवसांतलं पत्र्याखालचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. तिथे आठवडाभर पडलेली पेटी दुकानाच्या फ्रीजमध्ये येऊन गार झाली, तरी गेलेली चव परत येत नाही.

बाटली भरताना आत थोडा का होईना, ऑक्सिजन राहतो. बिअर ज्यापासून बनते त्या सातूतल्या स्निग्ध पदार्थांपासून तयार झालेलं ट्रान्स-टू-नॉनेनल नावाचं रसायन उष्णतेने मोकळं होत जातं. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास त्याचाच. एक अब्ज भागांत दशांश भाग इतकं असलं तरी नाकाला कळतं. त्याच वेळी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, ताजा, लिंबूवर्गी वास विरत जातो आणि उरतो तो मधासारखा चिकट गोडवा. आयपीएची सगळी गंमत हॉप्सच्या वासात असल्यामुळे तिला हा मार सर्वांत आधी बसतो. काळी, जास्त अल्कोहोलची स्टाउट त्या मानाने तग धरते. बिअर पाश्चराइज केलेली असली म्हणजे टिकते, असं दुकानदार सांगतात. पाश्चरायझेशनने जंतू मरतात, शिळेपणा थांबत नाही.

दुसरा शत्रू प्रकाश. हॉप्सच्या कडू घटकांवर निळसर प्रकाश पडला की गंधकयुक्त, कुबट वास तयार होतो. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच, कॅन पूर्ण. म्हणून घेताना तळाशी किंवा लेबलवर छापलेली तारीख वाचा. आयपीए तीन महिन्यांच्या आतली मिळाली तरच घ्या. दर्शनी फळीवर ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली नको, पेटीतली मागा. बुचाच्या कडेला गंज दिसला तर ती बाटली दमट, खाऱ्या हवेत बरेच दिवस राहिली आहे असं समजा. गंज आत उतरत नाही, पण ओतताना कडेला लागून धातूची चव येते. उघडल्यावर तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्या.

प्रश्न : आम्ही चौघं महिन्यातून एकदा घरी वेगवेगळ्या बिअर चाखून बघायचं म्हणतो. किती आणायच्या, कशा क्रमाने आणि नेमकं करायचं काय? – एक वाचक, दापोली

उत्तर : पाच प्रकार, प्रत्येकाची ३३० मिलीची एक बाटली. चौघांत वाटली की माणशी ८० मिली येते आणि नीट चाखायला तेवढी पुरते. पाचांचे मिळून माणशी ४०० मिली. सहावी बाटली उघडू नका. सहाव्या ग्लासापर्यंत जीभ थकलेली असते आणि लिहिलेल्या टिपणाला अर्थ राहत नाही.

क्रम हलक्याकडून जडाकडे : लागर (नेहमीची फिकट, हलकी बिअर), गव्हाची बिअर, पेल एल, आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर बसतो आणि नंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. आंबट प्रकार असेल तर तो लागरनंतर ठेवा.

ग्लास पातळ काचेचे, वरच्या बाजूला थोडे निमुळते. वाइनचे छोटे ग्लास उत्तम. स्टीलचा पेला नको, प्लॅस्टिक नको, फ्रीझरमधून काढलेला धुकट ग्लास तर अजिबात नको. त्याच्या बर्फाचं पाणी होतं आणि गारठ्यात वास बाहेरच येत नाही. लागर ४ ते ७ अंश, गव्हाची ५ ते ८, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३ अंशांवर चांगली कळते. घरात ३२ अंश असताना ८० मिलीचा घोट बघता बघता तापतो. म्हणून सगळ्या बाटल्या एकदम टेबलावर मांडू नका. एक संपली की दुसरी काढा. आयपीए ओतण्याआधी पाचेक मिनिटं आणि स्टाउट पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवली की पुरे. स्वयंपाकघरात वापरतात तो दांडीचा थर्मामीटर असेल तर एकदा मोजून बघा. पुढे हाताला अंदाज येतो.

नावं झाकून चाखा. एकाने बाटल्यांना जुनं वर्तमानपत्र गुंडाळून आकडे घालावेत, दुसऱ्याने ओतावं. लेबल दिसलं की मत आधीच बनलेलं असतं, आणि महागड्या बाटलीला तर हटकून जास्त गुण पडतात.

ओतताना ग्लास ४५ अंश कलता धरा आणि अर्ध्यानंतर सरळ करा, म्हणजे बोटभर फेस येतो. फेस हवाच, कारण वास तोच वर आणतो. आधी रंग आणि पारदर्शकपणा पाहा, पण त्यात वेळ घालवू नका. ग्लास भरल्याबरोबर नाकाजवळ नेऊन दोन-तीन आखूड श्वास घ्या. सगळ्यात हलके वास पहिल्या काही सेकंदांत उडून जातात. मग ग्लास हलकासा फिरवून पुन्हा हुंगा. एक छोटा घोट, साधारण चमचाभर, तोंडात सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. घशातून नाकाकडे जाणारा हा वासच आपण ‘चव’ म्हणून ओळखतो, जिभेला स्वतःचं फार थोडं कळतं. कडूपणा किती वेळ टिकतो हे गिळल्यानंतर मनात दहा मोजून पाहा.

आधी लिहा, मग बोला. एकाने ‘केळ्याचा वास’ म्हटलं की बाकी तिघांना केळंच लागतं.

आता जे हमखास बिघडतं ते. डासांची कॉइल किंवा उदबत्ती लावलेली असणं. शेजारच्या चुलीवर मासे तळणं चालू असणं. हाताला अत्तर, ओठांना खोबरेल. तासाभरात खाल्लेलं पान, तंबाखू किंवा पुदिन्याची गोळी. दोन बिअरमध्ये साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव, एवढंच ठेवा. शेंगदाणे, चिवडा, फरसाण सगळं संपल्यावर. तळाशी यीस्ट असलेली बाटली चौघांत वाटताना शेवटच्या ग्लासात सगळा गाळ जातो आणि त्या माणसाची बिअर वेगळीच निघते. गव्हाच्या बिअरमध्ये गाळ हवा असतो, म्हणून पाऊण बाटली ओतून झाल्यावर उरलेली गोल फिरवून चौघांना थोडी थोडी द्या. बाकी प्रकारांत तळाचं बोटभर सोडून द्या.

प्रश्न : गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. इसेन्स घालतात का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. बव्हेरियन पद्धतीच्या हेफेवाइत्सनमध्ये हे दोन्ही वास यीस्टच तयार करतं. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा. पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. लवंगेचा वास फोर-व्हिनाइल ग्वायकॉलचा. आंबवण्याचं तापमान चढतं राहिलं तर केळं सहसा वरचढ होतं. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घातलेले असतात. दोन्ही गव्हाच्याच, दोन्ही धूसर, पण टिपणात एकाच पारड्यात तोलू नका. लागरला लवंगेचा वास आला तर तो दोष आहे.

प्रश्न : इंग्रजी परीक्षणांत ग्रेपफ्रूट, पाइन, बिस्किट, टॉफी असले शब्द असतात. यातलं निम्मं आम्ही कधी हुंगलेलंही नाही. मग काय लिहायचं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जे हुंगलं आहे ते लिहा. शब्दाचं काम एवढंच की वाचणाऱ्याच्या नाकात तोच वास उभा राहावा, आणि त्यासाठी कोकणातलं घर काही कमी पडत नाही. ग्रेपफ्रूटच्या जागी पपनसाची पांढरी साल घ्या, कडू आणि सुगंधी दोन्ही आहे. हॉप्सच्या काही जातींना कैरीच्या चिकाचा वास येतो, काहींना पिकल्या पेरूचा, तर काहींना रसाळ फणसाचा. पाइनऐवजी सुरूच्या बनातला वास म्हटलं तर किनाऱ्यावरच्या कुणालाही थोडंफार कळेल. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या चवीसाठी, भाजलेली नाचणी, ताज्या पावाचा कवच, काकवी, तव्यावर थोडी जास्त झालेली तांदळाची भाकरी. स्टाउटला करपलेलं खोबरं, कोरी कॉफी, करवंटीचा कोळसा. आंबट बिअरला आमसूल आणि कच्चं करवंद यांत फरक करता आला, तर टिपण बरंच नेमकं होतं.

दोषांचे शब्द मात्र ठरलेले आहेत आणि ते नाकाला शिकवावे लागतात. यासाठी साधी, स्वस्त लागर वापरा. तीन ग्लासांत समान ओता. पहिला तसाच झाकून ठेवा. दुसरा स्वच्छ काचेच्या ग्लासात पंधरा-वीस मिनिटं थेट उन्हात ठेवा. सावलीतल्या ग्लासाशेजारी हुंगलात की प्रकाशाने बिघडलेली बिअर कशी असते ते कायमचं लक्षात राहील. काही मोठे उत्पादक हॉप्सचा खास प्रक्रिया केलेला अर्क वापरतात, त्यांच्या बिअरवर उन्हाचा हा परिणाम होत नाही. वास बदलला नाही तर दुसरी लागर घेऊन बघा. तिसऱ्या ग्लासात अर्धा चमचा साधं व्हिनेगर घाला, हा जंतूंनी आंबवलेल्या बिअरचा वास. शिळेपणा शिकायला एकाच पेटीतल्या दोन बाटल्या घ्या. एक फ्रीजमध्ये, एक माळ्यावर ठेवा. एप्रिल-मेमध्ये महिनाभराने दोन्ही समान गार करून शेजारी शेजारी चाखा.

बाकीचे तीन घरातच सापडतात. लोण्याचा, पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास म्हणजे डायअसेटिल. यीस्टने काम अर्धवट सोडलं किंवा टॅपची नळी अस्वच्छ आहे. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. उकळी पुरेशी झाली नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. बिअर वेळेआधी बाटलीत भरली.

प्रश्न : माशांबरोबर कुठली बिअर? सोलकढी चालते का सोबत? – एक वाचक, मालवण

उत्तर : चाखण्याची बैठक आणि जेवण वेगळं ठेवा, ही पहिली अट. जेवताना मात्र जरूर जोड्या लावून बघा.

रव्यात तळलेल्या ओल्या बोंबलांना कोरडी, कुरकुरीत पिल्सनर (लागरचाच एक प्रकार). तिचे बुडबुडे आणि हलका कडूपणा तेलाचा थर जिभेवरून उचलतात. मालवणी मसाल्याच्या कोळंबीला गव्हाची बिअर. लोक तिखटाबरोबर आयपीए घेतात आणि तोंड पेटलं की अजून एक घोट घेतात; पण कडूपणा, अल्कोहोल आणि बुडबुडे तिन्ही मिरचीची आग वाढवतात. गव्हाच्या बिअरचा गोडसर, मऊ अंगलोट ती थोडी शमवतो. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे तर हॉप्सच्या तीव्र बिअरबरोबर धातूसारखे लागतात. त्यांना हलकी लागर द्या. चुलीत भाजलेल्या सुक्या बोंबलांना धुरावलेल्या माल्टची बिअर मिळाली तर सोडू नका. जर्मनीतल्या बांबेर्गची राउखबिअर याच जातीची.

कालवांना कोरडी स्टाउट. इंग्लंड-आयर्लंडमध्ये ही जोडी जुनी आहे आणि रत्नागिरीच्या खाडीतल्या कालवांनाही ती तितकीच शोभते : कालवांचा खारटपणा भाजलेल्या सातूचा कडूपणा कमी भासवतो आणि मागचा कोकोसारखा स्वाद पुढे येतो. तिसऱ्यांच्या सुक्यात खोबरं भरपूर असतं, तिथे तांबूस, माल्टकडे झुकणारी एल बरी. शेवटी आलं-गुळातला मालवणी खाजा आणि स्टाउट. ही आमची आवडती जोडी.

सोलकढी सोबत नको. नारळाच्या दुधाचा थर जिभेवर बसतो आणि कोकमाच्या आंबटपणापुढे हलकी बिअर बेचव होते. जेवण संपल्यावर घ्या.

प्रश्न : घरी ओतलेल्या बिअरचा फेस अर्ध्या मिनिटात मरतो. बिअर खराब? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : बहुधा ग्लास. तेलाचा किंवा साबणाचा नुसता डोळ्यांना न दिसणारा थरही फेस मोडतो. ग्लास धुऊन आतून ओला करा आणि मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ. मध्येच मोकळे पट्टे राहिले तर तिथे चिकटपणा आहे. बिअर ओतल्यावर आतल्या भिंतीला एकाच जागी बुडबुडे चिकटून बसणं ही दुसरी खूण. माशांच्या ताटांबरोबर एकाच घासणीने घासू नका. वेगळा स्पंज घ्या, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि फडक्याने न पुसता पालथे निथळू द्या. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी खारट असतं, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्याने करा. आणि हो, तळलेला मासा खाऊन तेलकट ओठ ग्लासाला लावले, तर स्वच्छ ग्लासातलाही फेस बसतो.

प्रश्न : गोव्यात क्राफ्ट बिअरची निवड मोठी आणि स्वस्त. येताना सहा बाटल्या आणल्या तर? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आणू नका. त्या बाटल्यांवर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं, आणि विनापरवाना आणणं हा गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असतेच. गोव्याच्या दुकानातली पावती म्हणजे महाराष्ट्राची परवानगी नव्हे. रेल्वेने आणल्या म्हणून कायदा बदलत नाही.

गोव्याची बिअर गोव्यातच चाखा. गोवा ब्रुइंग कंपनी आणि सुसेगादो ही तिथली नावं शोधण्यासारखी आहेत. मुक्काम करा, गाडी उभी ठेवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे, आणि ती मर्यादा लोक समजतात त्यापेक्षा बरीच लवकर गाठली जाते.

प्रश्न : प्रवासात ब्रूपबमध्ये (जिथे स्वतःची बिअर बनवून तिथेच पाजतात) गेल्यावर चांगलं-वाईट कसं ओळखायचं? – एक वाचक, खेड

उत्तर : पुण्यात २००९ मध्ये डूलाली हा ब्रूपब सुरू झाला, तेव्हा टॅपवरची ताजी बिअर महाराष्ट्रात नवलाईची होती. आता मुंबई-पुण्यात पर्याय भरपूर आहेत, पण ताजी म्हणजे निर्दोष असं नाही. ही बिअर बहुधा गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली नसते, त्यामुळे नळ्यांची स्वच्छता फार महत्त्वाची. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस दर चौदा दिवसांनी नळ्या धुण्याची आहे. ‘नळ्या कधी धुतल्या?’ आणि ‘हे पिंप कधी लावलं?’ हे दोन प्रश्न नम्रपणे विचारा. ज्यांचं काम चोख असतं ते उत्तर लगेच देतात. सगळ्याच बिअरना लोण्याचा किंवा आंबूस वास आला तर दोष नळ्यांचा. एकीलाच आला तर त्या बिअरचा.

दुकान उघडल्याबरोबर पहिला ग्लास घेऊ नका. नळीत रात्रभर थांबलेली बिअर त्यात येते. चार छोट्या ग्लासांची पाटी मागवली तर दोन-दोन आणायला सांगा, नाहीतर चौथ्याची पाळी येईपर्यंत तो कोमट होतो. आधी त्यांची सर्वांत साधी लागर किंवा पेल एल चाखा. फळं, मसाले, कॉफी घातलेल्या बिअरमध्ये दोष लपतात, साधीत लपायला जागाच नसते.

प्रश्न : गुण कसे द्यायचे? पाचपैकी चार म्हणजे नेमकं काय? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक-संस्थेचा तक्ता ५० गुणांचा आहे : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण मत १०. रूपाला तीनच आणि वास-चवीला मिळून बत्तीस, हे प्रमाण लक्षात ठेवा. नवखी माणसं रंगावर परिच्छेद लिहितात. या तक्त्यात ३८च्या वर गेलेली बिअर उत्कृष्ट आणि २१च्या खाली गेली तर काहीतरी ठळक चुकलेलं. अनटॅप्डसारख्या ॲपवर पाचपैकी पाव-पाव गुणांनी मोजतात, आणि तिथे गोड, जड, जास्त अल्कोहोलच्या बिअर वर चढतात. सरळ, नेटकी लागर मागे पडते. तो आकडा पाहून बिअर निवडू नका.

आमच्या मते दोन आकडे लिहावेत. एक, ही बिअर तिच्या प्रकारात किती चोख आहे. दोन, मला किती आवडली. दोन्ही एकत्र केले की ‘कडू आहे म्हणून आयपीएला दोन गुण’ असली परीक्षणं होतात.

टिपणाचा नमुना असा : ‘आयपीए, कॅन, भरल्यापासून सात आठवडे. दुकानातल्या फ्रीजमधून, घरी दोन दिवस फ्रीजमध्ये. ९ अंशांवर ओतली. पपनसाची साल, मग कैरी. मागे भाजलेल्या नाचणीचा हलका गोडवा. कडूपणा दहा मोजेपर्यंत राहतो, घशाला ओरबाडत नाही. तापल्यावर किंचित मध. प्रकारात ३६, मला ४०.’ पहिली तीन वाक्यं गाळलीत तर बाकीचं टिपण बिअरबद्दल आहे की दुकानदाराच्या गोदामाबद्दल, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

दोन बिअरमध्ये खरंच फरक जाणवतो का, याची शंका असेल तर त्रिकोणी चाचणी करा : तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. सहा वेळा करा. पाचदा बरोबर आलं तर फरक खरा धरावा. चारदा बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही दहातून एकदा घडतं.

प्रश्न : आमच्याकडे पावसात वीज तासन्‌तास जाते. बिअर गार-गरम होत राहिली तर खराब होते ना? शिवाय मुंबईहून गाडीने कशी आणावी? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : गार-गरम होण्याने वेगळं काही बिघडत नाही, तो समज चुकीचा आहे. एकूण किती वेळ उष्णतेत राहिली, एवढंच मोजायचं. दार न उघडलेला फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेवढा काळ गेला तर आयपीए लगेच संपवावी किंवा सोडून द्यावी.

गाडीत थर्माकोलची पेटी घ्या, पण मासळीची वापरलेली नको. तो वास बुचाच्या खाचेत बसतो. आठ-दहा बाटल्यांना पाच-सहा किलो बर्फ, फोडलेला, आणि बाटल्या खांद्यापर्यंत बुडतील इतकं पाणी. नुसत्या बर्फाचा बाटलीला जागोजागीच स्पर्श होतो. बर्फाचं पाणी सगळीकडून लागतं आणि कोमट बाटली अर्ध्या तासात गार होते. मीठ घालू नका. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, आणि ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांच्या आसपास गोठू लागते. बाटली तडकते. फ्रीझरमध्ये विसरलेल्या बाटलीचंही हेच होतं. पेटी डिकीत ठेवू नका. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभी केलेली गाडी आत पन्नाशीच्या घरात जाते. मागच्या सीटपुढे, पायांजवळ ठेवा. बाटल्या उभ्या.

प्रश्न : युरिक ॲसिड वाढलं आहे, तरी मित्रांबरोबर बसायचं आहे. – एक वाचक, गुहागर

उत्तर : डॉक्टरांनी मनाई केली असेल तर ग्लास नाकापर्यंतच न्या. बिअरमध्ये प्युरिन असतं, त्यामुळे युरिक ॲसिड वाढलेल्यांना ती विशेष वाईट. चवीचा मोठा भाग वासातच असतो, तेव्हा हुंगून लिहिलेलं टिपणही उपयोगी असतं. झाकलेल्या बाटल्या ओतण्याचं कामही तुम्हीच घ्या. पिणाऱ्यांसाठी हिशेब : ३३० मिली, ५ टक्के म्हणजे सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे ४१ ग्रॅम, तिपटीहून जास्त. मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असताना एक घोटही नको.

प्रश्न : उतरलेल्या, शिळ्या बाटल्यांचं काय करावं? – एक वाचक, देवगड

उत्तर : बुडबुडे शाबूत असतील तर माशांच्या तळणीसाठी वापरा. १०० ग्रॅम मैदा, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ, हळद आणि साधारण १३० मिली फ्रीजमधली गार लागर. गुठळ्या थोड्या राहिल्या तरी चालतील, फार घोटू नका, नाहीतर आवरण चिवट होतं. पीठ ठेवून न देता लगेच बोंबील बुडवून कडकडीत तेलात सोडा. बुडबुड्यांमुळे आवरण हलकं आणि खुसखुशीत होतं. आयपीए मात्र या पिठात नको. तळताना पाणी उडून जातं आणि कडूपणा मागे राहतो.